आंब्याच्या सीझनमध्ये साइट बसते. धंद्याच्या वेबसाइटसाठी होस्टिंग कुणाचं घ्यावं?

देवगडची_बाग
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. वडिलांच्या वेळेला सगळा माल वाशी मार्केटला जायचा, आता निम्म्याहून जास्त पेट्या आम्ही थेट गिऱ्हाइकाला देतो, पुणे, ठाणे, नाशिक आणि थोडं बेळगावला. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार प्रणाली) आहे, वर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाचं प्लगइन), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडलेला, आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) साधं शेअर्ड, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहिलेलं.

अडचण अशी की पावसाळ्यापासून माघापर्यंत साइटवर कुणी फिरकत नाही आणि मग पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत सगळा लोंढा एकदम येतो. गेल्या सीझनला तृतीयेच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकला की पाच डझनी पेट्या तयार आहेत, आणि थोड्याच वेळात साइट गेली. पांढरं पान आणि वर '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. सपोर्टच्या चॅटवर एकच उत्तर, वरचा प्लॅन घ्या. त्यापेक्षा वाईट म्हणजे काही लोकांचे यूपीआयने पैसे गेले आणि आमच्याकडे ऑर्डरच दिसेना, लोक साहजिकच चिडले, सणाच्या तोंडावर कुणाला समजावणार.

आता रिन्यूअलचा मेल आलाय आणि आकडा पहिल्या वेळच्या जवळजवळ तिप्पट. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडण नको, मार्ग हवाय. कुठली कंपनी चांगली, शेअर्ड ठेवू का व्हीपीएस (सर्व्हरचा आपल्यापुरता वेगळा हिस्सा) घेऊ, सर्व्हर भारतात हवा का? जाणकारांनी प्लीज सांगा.

सर्व्हरवाला
दादा, कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी येतं, आधी आजार कुठला ते बघू. ५०८ म्हणजे सर्व्हर बंद पडला असं नाही. शेअर्ड होस्टिंगवाले बरेच जण क्लाउडलिनक्स वापरतात, त्यात प्रत्येक अकाउंटला सीपीयू, रॅम आणि 'एंट्री प्रोसेस' याची मर्यादा घातलेली असते. एंट्री प्रोसेस म्हणजे त्या क्षणाला तुमच्या साइटची किती पीएचपी (सर्व्हरवर कोड चालवून बनणारी) पानं एकाच वेळी तयार होत असू शकतात तो आकडा. तो भरला की पुढच्या माणसाला ५०८. 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं ते डिस्क आणि बँडविड्थबद्दल, या आकड्याबद्दल ते कधीच नसतं, आणि हा आकडा प्लॅनच्या पानावर खूप खाली किंवा अटींच्या पानात सापडतो.

आता कुणीतरी सांगेल कॅशिंग प्लगइन (एकदा बनलेलं पान साठवून तेच सगळ्यांना देणारं) टाका. टाकाच, होमपेज आणि आंब्याच्या माहितीचं पान त्याने पटकन उघडतं. पण कार्ट आणि चेकआउट कॅश करता येत नाही कारण प्रत्येकाचं वेगळं, तिथे दर वेळी पीएचपी आणि डेटाबेस लागणारच. तुमच्याकडे मेसेज वाचून आलेला माणूस बघायला येत नाही, सरळ पेटी घ्यायला येतो, म्हणजे सगळी गर्दी नेमकी जड पानांवर. क्लाउडफ्लेअरचा (साइटच्या पुढे उभं राहून फाइल्स पुरवणारी सेवा) फुकट प्लॅन लावला तरी हीच गोष्ट, तो डीफॉल्टला चित्रं, सीएसएस वगैरे धरून ठेवतो, चेकआउट तुमच्या सर्व्हरवरच येतं.

सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये) 'रिसोर्स युसेज' नावाचं पान आहे. तिथे त्या दिवसाचा आलेख अजून असेल तर बघा आणि 'फॉल्ट्स' (मर्यादेला किती वेळा धडकलात तो आकडा) कुठल्या रकान्यात आहेत ते इथे सांगा. मग बोलू.

पैठणीवाली_ठाणे
दादा, तुमचं दुःख अगदी कळलं. माझं साड्यांचं दुकान आहे, दसरा-दिवाळीला हेच व्हायचं.

होस्टिंग घेताना मी सगळ्यात आधी रिन्यूअलचा दर बघते. जाहिरातीत 'महिना इतके रुपये' लिहितात तो दर तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच असतो, आणि मुदत संपली की खरा दर लागतो. तो खरा दर कार्टमध्ये बारीक अक्षरात असतो पण असतो नक्की. मी दोन कंपन्यांची तुलना फक्त रिन्यूअलच्या दरावर करते. आणि एकदम चार वर्षांचे पैसे कधी भरत नाही, एक वर्षाचे भरते, थोडे जास्त गेले तरी पाय मोकळा राहतो.

दुसरं म्हणजे 'टॉप टेन होस्टिंग' असल्या लेखांवर जाऊ नका. बहुतेकांना तिथल्या लिंकवरून कुणी प्लॅन घेतला की कमिशन मिळतं, आणि होस्टिंगमधलं कमिशन चांगलं घसघशीत असतं. शिवाय त्या यादीतली नावं वेगळी दिसतात पण मालक एकच असू शकतो. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर दोन्ही एन्ड्युरन्स इंटरनॅशनलने घेतल्या, २०१४ मध्ये आपल्या मुंबईच्या डिरेक्टी ग्रुपकडून बिगरॉक आणि रिसेलरक्लबही त्यांनीच घेतलं, आणि २०२१ मध्ये एन्ड्युरन्स आणि वेब डॉट कॉम एकत्र होऊन न्यूफोल्ड डिजिटल झाली. यात वाईट काही नाही, धंदा आहे, पण एकाला कंटाळून दुसरीकडे जाताना आपण त्याच घरात तर जात नाही ना एवढं बघावं.

देवगडची_बाग
@सर्व्हरवाला, बघितलं. त्या रविवारचा आलेख नव्हता, पण आत्ताच माझ्या तीन-चार मित्रांना फोन करून एकाच वेळी चेकआउटवर जायला सांगितलं आणि आलेख उड्या मारायला लागला. एंट्री प्रोसेसची मर्यादा २० दिसते, सीपीयूचा रकाना लगेच लाल झाला. म्हणजे सीझनला तर काय होत असेल.

@पैठणीवाली ताई, खूप आभार, रिन्यूअलवर तुलना करायचं डोक्यातच नव्हतं आलं कुणाच्या.

पैसे जाऊन ऑर्डर न दिसण्याचं कारण पण हेच का?

सर्व्हरवाला
हो, तेच. गिऱ्हाइकाने यूपीआयवर पैसे दिले की गेटवे तुमच्या साइटला मागच्या मागे निरोप पाठवतं, त्याला वेबहुक म्हणतात. त्या क्षणी साइट ५०८ देत असेल तर निरोप घ्यायला कुणी नाही, ऑर्डर 'पेंडिंग पेमेंट'मध्येच राहते. गेटवे तो निरोप थोड्या वेळाने परत पाठवत राहतं हे खरं, पण वूकॉमर्समध्ये 'होल्ड स्टॉक' नावाची सेटिंग आहे, डीफॉल्ट ६० मिनिटं. तुम्ही पेट्यांचा स्टॉक तिथे मोजत असाल तर तेवढ्या वेळात पैसे आले नाहीत असं समजून ती ऑर्डर आपोआप कॅन्सल होते आणि पेटी दुसऱ्याला विकली जाते. त्यामुळे सीझनच्या आधी ती वेळ वाढवा, आणि रोज रात्री गेटवेच्या डॅशबोर्डची यादी आणि वूकॉमर्सची यादी शेजारी ठेवून जुळवायला एक माणूस बसवा. होस्टिंग कितीही चांगलं घेतलंत तरी हे करा.

अटलांटाकर
मी गिऱ्हाईक म्हणून लिहितो. माझे आईबाबा कोथरूडला असतात, दर वर्षी मी इथून त्यांच्यासाठी पेटी मागवतो, देवगडच्याच एका बागेची. आमच्यासारखे बरेच आहेत, ऑर्डर इथून आणि पत्ता पुण्याचा. तरीसुद्धा माझं मत सर्व्हर भारतातच ठेवा. मुंबई ते अमेरिका एक फेरी जायला-यायला साधारण दोनशे मिलिसेकंद किंवा जास्त लागतात, आणि चेकआउटचं एक पान उघडताना अशा बऱ्याच फेऱ्या होतात, त्या सगळ्या तुमच्या पुण्या-ठाण्याच्या गिऱ्हाइकाला भोवतात, आणि तो एसटीत बसून चार जी वर बघत असतो. आम्ही इथून चार सेकंद थांबू, आम्हाला आंबा पोचवायचाय. ज्याचं गिऱ्हाईक जिथे जास्त, सर्व्हर तिथे.

अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, डिजिटलओशनचं बंगळूरला आहे, लिनोडचं (आता अकामाईकडे) मुंबईत आहे. पर्याय भरपूर आहेत. फक्त 'इंडियन कंपनी' म्हणजे 'भारतातला सर्व्हर' असं धरू नका, साइन-अपच्या वेळी लोकेशन निवडायला मिळतं का ते बघा.

सीए_कोल्हापूर
पैशाच्या बाजूने दोन मुद्दे, कारण हे कुणी बघत नाही आणि मार्चमध्ये माझ्याकडे येतात.

होस्टिंगवर १८ टक्के जीएसटी आहे आणि जाहिरातीतला दर बहुधा त्याच्याशिवाय असतो. "बिल जीएसटी नंबरवर घ्या, परत मिळतो" असं सगळे सांगतात, पण बागायतदारांनी जरा थांबावं. ताज्या आंब्यावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे नुसते आंबे विकत असाल तर इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी वजा करून घेणं) मिळत नाही, तो १८ टक्के खर्चच धरा. पल्प, आंबापोळी, कोकम सरबत असलं करपात्र काही विकत असाल आणि नोंदणी असेल तर त्या प्रमाणात क्रेडिट मिळतं, तेव्हा मात्र बिलावर तुमचा नंबर हवाच. परदेशी कंपनीने कर न लावता बिल दिलं आणि तुमची नोंदणी आहे, तर रिव्हर्स चार्जने कर तुम्हाला भरावा लागतो. हे विसरलं जातं.

दुसरं ऑटो-रिन्यूअल. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम कडक झाले. कार्डावर ई-मँडेट (आपोआप पैसे कापायची मंजुरी) नोंदवलेलं नसेल तर ऑटो-डेबिट होत नाही, आणि १५,००० च्या वर असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. परदेशी होस्टिंगवाल्यांचं ऑटो-रिन्यू आपल्या कार्डावर फेल होतं ते यामुळे, बाकी त्यांच्या पॅनेलमध्ये 'ऑटो-रिन्यू ऑन' असंच दिसत राहतं. डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग दोन्हीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि महिनाभर आधी स्वतः भरा.

नाशिकचा_ॲडमिन
बॅकअपवर अजून कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं डेटा सेंटर जळालं. युरोपातली नावाजलेली कंपनी. एक इमारत पूर्ण गेली, लाखो साइट्स बंद पडल्या, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, की तुमचा बॅकअप कंपनीच्या बाहेर कुठे आहे? होस्टिंगच्या अटी नीट वाचा, बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की बॅकअप आम्ही सोय म्हणून घेतो, जबाबदारी तुमची. शिवाय फाइल्सची संख्या, म्हणजे आयनोड, ठराविक आकड्याच्या वर गेली की काही जण त्या अकाउंटचा बॅकअप घेणंच थांबवतात. वूकॉमर्सला फोटोंच्या पाच-सहा साइज बनतात, आकडा चटकन फुगतो.

अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन घ्या, रोजचा डेटाबेस गूगल ड्राइव्हवर, आठवड्याचा पूर्ण. आणि वर्षातून एकदा तरी तो बॅकअप दुसरीकडे रिस्टोअर करून साइट उघडते का बघा. उघडून बघितला नाही त्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

९९.९ टक्के अपटाइमची भूल नको. त्या हिशोबाने वर्षात पावणेनऊ तास साइट बंद राहू शकते आणि तरी कंपनीने वचन पाळलं. ते पावणेनऊ तास ऑगस्टात आले तर ठीक, तृतीयेच्या आदल्या दिवशी आले तर? आणि भरपाई मिळते ती होस्टिंगच्या बिलात क्रेडिट म्हणून, तुमच्या पेट्यांची नाही.

चहा_आणि_कोड
वेगळं मत मांडतो. वर्षातले अडीच महिने चालणाऱ्या धंद्याला वर्डप्रेसचा एवढा व्याप हवाच का? शॉपिफाय घ्या, सर्व्हरची चिंता त्यांची. किंवा साधं एक पान, गूगल बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप कॅटलॉग.

पैठणीवाली_ठाणे
@चहा_आणि_कोड, मी दोन्ही केलंय म्हणून सांगते. गिऱ्हाईक शंभर-दीडशे असेल तोवर व्हॉट्सॲप उत्तम. त्याच्या पुढे कुणी पैसे दिले, कुणाची पेटी गेली, कुणाचा पिनकोड चुकला हे चॅटमध्ये शोधताना रात्री दोन वाजतात. शॉपिफाय छान आहे पण महिन्याचं भाडं आणि वर बाहेरचा गेटवे वापरल्याचं शुल्क, छोट्या पेटीवर ते जाणवतं. आणि दादांची साइट तयार आहे, तिच्यावर गूगलमध्ये लोक येतात, ती टाकून का द्यायची.

हळदवाला_सांगली
मंडळी, एक महत्त्वाचं राहिलं. दादा, डोमेन कुणाच्या नावावर आहे?

आमच्या मार्केट यार्डात निम्म्या व्यापाऱ्यांच्या साइट त्या बनवणाऱ्या पोराच्या अकाउंटवर आहेत. पोरगा चांगला असतो, पण त्याला पुण्यात नोकरी लागते, नंबर बदलतो, आणि रिन्यूअलचा मेल त्याच्या जुन्या आयडीवर जातो. होस्टिंग गेलं तर दुसरं घेता येतं. डोमेन गेलं तर पेटीवर छापलेलं नाव गेलं. डॉट कॉम मुदत संपल्यावर लगेच जात नाही, आधी थोडी सवलतीची मुदत, मग ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात सोडवायला जबर दंड लागतो, त्यानंतर ५ दिवसांनी ते सगळ्या जगाला मोकळं. डॉट कॉमसारखी नावं नवीन घेतल्यावर किंवा एका कंपनीकडून दुसरीकडे नेल्यावर ६० दिवस परत हलवता येत नाहीत, म्हणून हे काम सीझनच्या आधी खूप लवकर काढा. आणि डोमेन एका कंपनीकडे, होस्टिंग दुसरीकडे ठेवा. एकाशी वाद झाला तर दुसरं आपल्या हातात राहतं.

देवगडची_बाग
@हळदवाला, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच तपासलं. डोमेन साइट बनवणाऱ्याच्याच अकाउंटवर आहे. आमच्या मालवणातलाच मुलगा आहे, फोन केला, लगेच हो म्हणाला, रजिस्ट्रारकडून (डोमेन जिथे नोंदवलंय ती कंपनी) अनलॉक करून ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) पाठवतोय. फार बरं झालं तुम्ही विचारलंत.

आता नेमका सल्ला द्या, काय घेऊ? मला लिनक्स येत नाही, भाऊ थोडंफार बघतो.

सर्व्हरवाला
तुमच्याजागी मी असतो तर शेअर्ड सोडलं असतं. साधा अनमॅनेज्ड व्हीपीएस स्वस्त पडतो, डिजिटलओशनला २ जीबी रॅमचा बेसिक १२ डॉलर महिना, वर जीएसटी. पण त्यात अपडेट, फायरवॉल, डेटाबेस बिघडला तर, सगळं तुमच्यावर. एप्रिलमध्ये तुम्ही बागेत असणार, भाऊ पॅकिंगवर असणार, रात्री बंद पडलेला मायएसक्यूएल (डेटाबेस) कोण उठवणार? म्हणून मॅनेज्ड व्हीपीएस किंवा मॅनेज्ड क्लाउड घ्या, सर्व्हर मुंबई किंवा बंगळूरचा, जिथे महिन्यापुरतं रॅम-सीपीयू वाढवून परत कमी करता येतं. आठ-नऊ महिने लहान, मार्च ते मे मोठा. वाढवताना फक्त रॅम आणि सीपीयू वाढवा. डिस्क वाढवली की बऱ्याच ठिकाणी परत लहान करता येत नाही आणि वर्षभर मोठं बिल बसतं.

नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्याकडचा सपोर्ट चांगला म्हणून तुमच्याकडचा चांगला असेल असं नाही. दोन-तीन निवडा आणि पैसे भरायच्या आधी रविवारी रात्री दहाला चॅटवर विचारा: 'वूकॉमर्सला एका वेळी किती पीएचपी वर्कर मिळतील, आणि दोन महिन्यांसाठी वाढवायचे असतील तर साइट किती वेळ बंद राहील?' वर्कर म्हणजे एका वेळी एक पान बनवणारी प्रोसेस. जो सरळ आकडा सांगेल तो घ्या. लिंक चिकटवून देईल तो सोडा.

ऑर्डरचे मेल सर्व्हरवरून पाठवू नका. शेअर्ड आयपीवर कुणी दुसऱ्याने स्पॅम केला की तुमचे मेल पण स्पॅममध्ये. धंद्याचा मेल झोहो किंवा गूगल वर्कस्पेसला ठेवा, साइटचे मेल एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या) सेवेतून, आणि एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे दाखवणाऱ्या) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत घाला. २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत चांगलेच कडक झालेत.

देवगडची_बाग
अपडेट देतोय. रविवारी रात्री तीन ठिकाणी तोच प्रश्न विचारला. एकाने ब्रोशर पाठवलं, एकाने 'अनलिमिटेड' सांगितलं, तिसऱ्याने आधी विचारलं की गर्दीच्या तासाला साधारण किती ऑर्डर असतात, मग वर्करचा आकडा सांगितला आणि म्हणाला रिसाइजला काही मिनिटं साइट बंद राहील, रात्री करू. त्याचाच मॅनेज्ड प्लॅन घेतोय, मुंबईचा सर्व्हर, एका वर्षासाठी. जुनं होस्टिंग महिन्यापुरतं चालू ठेवतोय. मोहोर आलाय, हातात वेळ थोडा आहे, हलवताना काय काळजी घेऊ?

नाशिकचा_ॲडमिन
हलवायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० करा, म्हणजे नवा पत्ता लोकांना पाच मिनिटांत कळायला लागतो. साइट नव्या सर्व्हरवर कॉपी करा आणि आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकून तिथली पानं आणि चेकआउट नीट उघडतंय ना बघा, गेटवेचा वेबहुक मात्र तोवर जुन्या सर्व्हरवरच जातो. मग रात्री जुन्या साइटवर मेंटेनन्सचं पान लावा, शेवटचा डेटाबेस परत उचला, आणि त्यानंतरच ए रेकॉर्ड (साइटचा पत्ता) बदला, मग नव्या साइटवर यूपीआयने दहा रुपयांची एक खरी ऑर्डर करून वेबहुक येतोय ना बघा. मेंटेनन्स न लावता बदललंत तर काही ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये पडतील आणि सापडणार नाहीत. एमएक्स रेकॉर्डला (मेलचा पत्ता) हात लावू नका, नाहीतर मेल बंद. एसएसएल (साइट सुरक्षित करणारं सर्टिफिकेट) लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, सर्टिफिकेटची मुदत ९० दिवसांपर्यंतच असते, ते आपोआप रिन्यू होतंय का तेवढं पॅनेलमध्ये बघून घ्या. डोमेनचं ट्रान्सफर मात्र या सगळ्याबरोबर त्याच दिवशी करू नका, साइट आठवडाभर नीट चालली की मग.

देवगडची_बाग
समजलं. मंगळवारी रात्री करतोय, भाऊ सोबत बसेल. जमलं की इथेच येऊन लिहितो.